कौतुक नको, उत्तर द्या

परदेशी माणसाने जपानी भाषेत एक वाक्य धड उच्चारलं की समोरून हमखास एक वाक्य येतं, ‘निहोंगो जोझु देसु ने!’ म्हणजे, तुमचं जपानी छान आहे हो! नमस्कार आणि आभार एवढे दोनच शब्द येत असले तरी हे ऐकायला मिळतं. जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांनी आपापसातल्या बोलण्यात त्याचं क्रियापदच करून टाकलं आहे. ‘आज मला तीन ठिकाणी जोझु केलं,’ असं ते एकमेकांना सांगतात आणि हसतात.

त्या हसण्यात थोडा वैताग असतो. मी पुण्यात जपानी शिकलो आणि पुढे नोकरीनिमित्त आइची प्रांतात दोन वर्षं राहिलो. पहिल्या महिन्यात हे कौतुक गोड वाटायचं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की माझं जपानी बरंच सुधारलंय, पण कौतुक तसूभरही बदललेलं नाही. अडखळत बोलणाऱ्यालाही तेच वाक्य आणि फोनवर कारखान्याचा माल मागवणाऱ्यालाही तेच. म्हणजे हा अभिप्राय भाषेवर नव्हता. मग कशावर होता? या प्रश्नाचा विचार करताना मला जपानइतकाच महाराष्ट्रही आठवत राहिला. तिकडे नंतर येतो.

आधी जपानी माणसाची बाजू. ‘जोझु’ म्हणणं हा तिथला शिष्टाचार आहे. घरी आलेल्याला आपण ‘चहा घेणार ना?’ विचारतो, तसाच. त्याचं ठरलेलं उत्तरही आहे, ‘इइए, मादा मादा देसु’. नाही हो, अजून खूप शिकायचंय. ही देवाणघेवाण झाली की दोघंही मोकळे. शिवाय आपली भाषा अवघड आहे, ही भावना जपानी लोकांत खोल आहे आणि ती निराधार नाही. तीन लिप्या, सरकारी यादीतल्या २,१३६ कांजी, आणि समोरचा कोण आहे यावर बदलणारी आदरार्थी रूपं. ही रूपं नोकरीला लागलेल्या जपानी तरुणांनाही नव्याने शिकावी लागतात. एवढा डोंगर चढून कोणी आपल्या दारात आला तर कौतुक वाटणारच. त्यात द्वेष शोधणं हा अन्याय होईल.

अडचण वेगळीच आहे. पुष्कळदा संभाषण त्या कौतुकापाशीच थांबतं.

डोळे कानांना ऐकू देत नाहीत

परदेशी माणूस जपानीत विचारतो आणि उत्तर मोडक्या इंग्रजीत येतं. तो जपानीत विचारतो आणि उत्तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, जपानी दिसणाऱ्या मैत्रिणीला दिलं जातं. ती कोरियाची असते, तिला एक शब्द कळत नाही. तो जपानीत विचारतो आणि समोरचा छातीपुढे दोन्ही हातांची फुली करतो, इंग्रजी येत नाही म्हणून. तिथे राहिलेल्या कोणालाही विचारा, यातला एक तरी प्रसंग त्याच्या वाट्याला आलेला असतो.

माझ्या वाट्याला आला तो रामेनच्या एका छोट्या दुकानात. मी विचारलं, ‘बुतानिकु हाइत्ते इमासु का?’ यात डुकराचं मांस आहे का? काउंटरवरचा मुलगा गांगरला. ‘सॉरी, नो इंग्लिश.’ मी तेच वाक्य पुन्हा, हळू म्हटलं. त्याने सगळं बळ एकवटून इंग्रजीत सांगितलं, ‘नो पोर्क!’ तेवढ्यात आत, पडद्यामागे भांडी विसळणाऱ्या आजींचा आवाज आला. ठणठणीत जपानीत त्या म्हणाल्या, ‘वरती मांस नाही, पण सूप डुकराच्या हाडांचंच आहे. चालेल का?’

त्या मुलाच्या मनात खोट नव्हती. उलट तो माझ्यासाठी धडपडत होता. पण त्याने माझा चेहरा पाहिला आणि ठरवलं की याच्या तोंडून इंग्रजीच येणार. आजींनी माझा चेहरा पाहिला नव्हता. त्यांच्यापर्यंत फक्त प्रश्न पोचला, म्हणून त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलं. हाच प्रश्न एखाद्या आईने दवाखान्यात औषधाबद्दल विचारला असता तर? शहरात शिकायला आलेल्या कुणाला भाषेचं कौतुक हवं असेल, नसेल. पण ज्याला जेवायचंय, औषध घ्यायचंय, भाडेकरार वाचून सही करायचीय, त्याला उत्तर लागतं.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॉय अँड्र्यू मिलर यांनी १९८२ च्या ‘जपान्स मॉडर्न मिथ’ या पुस्तकात यावर तिरकस भाष्य केलं होतं. त्याला त्यांनी नियमाचं नाव दिलं. परदेशी माणसाचं जपानी जितकं सुधारत जातं, तितकं त्याला मिळणारं श्रेय कमी होत जातं. दोन शब्द बोलणारा लाडका असतो. अस्खलित बोलणारा मात्र खटकायला लागतो, ‘हेन ना गाइजिन’ ठरतो, म्हणजे चमत्कारिक परदेशी. मिलर यांनी हे बरंच ताणून मांडलं आणि चाळीस वर्षांत जपानही बदलला. तरी त्यांचं मूळ निरीक्षण आजही टिकून आहे. आपल्या भाषेच्या दारात उभा असलेला पाहुणा सगळ्यांना आवडतो. तो आत येऊन आपल्यासारखाच मांडी घालून बसला की प्रश्न पडतो, आता याला काय म्हणायचं?

चेहरा जपानी, भाषा नाही

हे सगळं चेहऱ्याशी किती बांधलेलं आहे, ते उलट्या बाजूने पाहिलं की स्पष्ट होतं. १९०८ पासून हजारो जपानी कुटुंबं ब्राझीलला गेली. १९९० मध्ये जपानने कायदा बदलला आणि त्यांच्या मुला-नातवंडांना कामासाठी यायची वाट खुली झाली. आइचीतल्या कारखान्यांत त्यातले पुष्कळजण आहेत. नाव जपानी, चेहरा जपानी, बोली पोर्तुगीज. त्यांना ‘जोझु’ कोणी म्हणत नाही. मी जे तोडकंमोडकं बोललो की वाहवा व्हायची, तेच त्यांनी बोललं की लोकांच्या कपाळावर आठी पडायची. माझं अर्धं येणं ही कमाई होती, त्यांचं अर्धं येणं ही कमतरता.

तिसरी गोष्ट आणखी बोचरी आहे. २०१६ मध्ये ‘मिस वर्ल्ड जपान’ झालेल्या प्रियांका योशिकावाचे वडील भारतीय आणि आई जपानी. तिच्या आधी, २०१५ मध्ये, ‘मिस युनिव्हर्स जपान’ झालेल्या आरियाना मियामोतोचे वडील आफ्रिकन-अमेरिकन. ती नागासाकी प्रांतात जन्मली, तिथेच वाढली. दोघींची मातृभाषा जपानी. तरीही ‘या खऱ्या जपानी नाहीत’ अशी टीका झाली. आणि जपानमधल्या कोरियन वंशाच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचं काय? त्यांचा चेहरा वेगळा नाही, जन्म तिथला, भाषा तीच. पुष्कळांनी व्यवहारासाठी जपानी नावं घेतली आहेत. जपानी नावाने ते बोलतात तेव्हा त्यांचं जपानी हे नुसतं जपानी असतं. कोरियन नाव सांगितलं की तीच वाक्यं अचानक ‘छान’ होतात.

इथे मला माझाच फोन आठवतो. फोनवर मी कुणाशीही मराठीत पाच मिनिटं बोलतो, वीजबिलाबद्दल, गॅसबद्दल, वर्गणीबद्दल. माझ्या मराठीवर कोणी अवाक्षर काढत नाही. मग पलीकडून विचारतात, ‘आपलं नाव?’ मी नाव सांगतो. क्षणभर शांतता, आणि मग, ‘अरे वा! तुम्ही मुस्लिम असून किती शुद्ध मराठी बोलता!’ आवाजात प्रेमच असतं. पण सगळा घोळ त्या ‘असून’मध्ये आहे.

आइचीत मी खरोखर परका होतो. तिथे मला ‘जोझु’ म्हणणाऱ्याची निदान माहिती बरोबर होती. महाराष्ट्रात हे कौतुक मला परका करूनच पुढे सरकतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला. शाहीर अमर शेखांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव घुमला. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आपल्या अम्मी-दादीच्या तोंडी कुठे कोकणी, कुठे दखनी, कुठे निखळ मराठी, कुठे तिन्हींची खिचडी आहे. ही भाषा आम्ही शिकून घेतलेली नाही, आम्ही तिच्यातच वाढलो. म्हणून ‘जोझु’ची सवय कुठवर जाते हे जपानी कोरियन माणसाला जसं कळतं, तसं मराठी मुसलमानालाही कळतं. दोघांनाही कौतुक झाल्यावर एक पाऊल मागे ढकलल्यासारखं वाटतं.

कौतुकाचीही उतरंड असते

कौतुकाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते सगळ्यांना सारखं वाटलं जात नाही. जपानच्या टीव्हीवर परदेशी कलाकारांची एक परंपराच आहे. डॅनियल काल हे अमेरिकी गृहस्थ यामागाता प्रांताची बोली बोलतात म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. गोऱ्या माणसाच्या तोंडी खेडवळ बोली, याची लोकांना गंमत वाटली. त्यांची मेहनत खरी आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण टोकियोतल्या कुठल्याही चोवीस तास उघड्या दुकानात जा. गल्ल्यावर नेपाळी किंवा व्हिएतनामी मुलगा असतो. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात काम. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासांपर्यंतच कामाची परवानगी मिळते. तो गिऱ्हाइकाशी आदरार्थी जपानीत बोलतो, पार्सल घेतो, बिलं भरून देतो, मद्यपींची समजूत काढतो. हे जपानी टीव्हीवरच्या विनोदापेक्षा कठीण आहे. त्याला ‘जोझु’ म्हणणारा विरळा. त्याची एखादी चूक झाली तर मात्र ‘जपानी येणारा कोणी नाही का?’ असं ऐकू येतं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? युरोपातून आलेली पाहुणी ‘कसं काय?’ म्हणाली की तिचा व्हिडिओ घरोघरी फिरतो. आणि वीस वर्षं ठाण्यात रिक्षा चालवणारा जौनपूरचा माणूस दिवसभर मराठीत पत्ते विचारतो, भाडं सांगतो, तेव्हा आपल्याला त्याच्या ‘ळ’ची चूक तेवढी ऐकू येते. भाषेचं प्रेम दोन्हीकडे सारखं असतं, तर टाळ्यांची वाटणी इतकी विषम झाली नसती.

पंधरा येन पन्नास सेन

कोणी म्हणेल, एवढ्याशा कौतुकाचा इतका कीस कशाला? कारण माणसाला बोलायला लावून त्याचं मोजमाप करायची सवय नेहमीच निरुपद्रवी राहत नाही. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो प्रदेशात प्रचंड भूकंप झाला. टोकियो आणि योकोहामा जळत असताना अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या. रस्त्यावरच्या माणसाला थांबवून ते ‘जूगो-एन गोजुस्सेन’ म्हणायला लावत. अर्थ, पंधरा येन पन्नास सेन. या शब्दांतले घोष वर्ण कोरियन जिभेला सहज वळत नाहीत. ज्याची जीभ अडखळली, त्याचा जीव गेला. मारल्या गेलेल्यांचा आकडा वादग्रस्त आहे, पण ते हजारांत होते.

त्याच आठवड्यात, ६ सप्टेंबरला, चिबा प्रांतातल्या फुकुदा गावाजवळ औषधं विकत फिरणारा एक जथा अडवला गेला. ही माणसं शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातली होती, अस्सल जपानी. त्यांची बोली गावकऱ्यांना ओळखीची वाटली नाही. नऊ जणांना मारून टाकलं, त्यांत लहान मुलं आणि एक गरोदर बाई होती. या घटनेवर तात्सुया मोरी यांनी २०२३ मध्ये चित्रपट केला, तेव्हा पुष्कळ जपानी लोकांनाही ती पहिल्यांदा कळली.

‘जोझु’ म्हणणारा दुकानदार आणि १९२३ ची टोळी यांना मी एका रांगेत बसवत नाही. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एवढंच म्हणतो की माणूस काय सांगतोय हे ऐकायचं सोडून तो कसा उच्चारतोय हे ऐकत राहिलं, तर शांततेच्या काळात त्यातून कौतुक निघतं आणि भीतीच्या काळात वेगळंच काही निघू शकतं. दंगलीच्या दिवसांत नाव विचारलं जातं आणि ‘बोलून दाखव’ म्हटलं जातं, याची धास्ती आपल्याला नवी नाही.

जपाननेच शोधलेली वाट

यावरचा उपायही जपानमध्येच सापडला आहे आणि मला त्याचं मोल फार वाटतं. १९९५ च्या कोबे भूकंपात सूचना फक्त अवघड जपानीत आणि थोड्या इंग्रजीत दिल्या गेल्या. पुष्कळ परदेशी रहिवाशांपर्यंत त्या नीट पोचल्या नाहीत. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशी निहोंगो’ची कल्पना मांडली. ‘यासाशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, सोपं आणि प्रेमळ. ‘ताकादाई नि हिनान’ म्हणजे ‘उच्चस्थानी स्थलांतर करा’ असं सांगण्याऐवजी ‘ताकाइ तोकोरो नि निगेते’ म्हणायचं, ‘उंच जागी पळा’. २०२० मध्ये जपान सरकारने अशा सोप्या जपानीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

या कल्पनेत मोठी गोष्ट ही की बदलायची जबाबदारी मातृभाषकावर आली. तोवर परीक्षा फक्त परक्याची होती. २००८ मध्ये लागू झालेल्या करारानुसार इंडोनेशियाच्या नर्स जपानला आल्या. कित्येकींना घरी रुग्णसेवेचा अनुभव होता. २००९ च्या परवाना परीक्षेत परदेशी उमेदवारांपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही, २०१० मध्ये फिलिपिन्सचे उमेदवार धरूनही फक्त तिघं. शय्याव्रणाला ‘तोकोझुरे’ असा घरगुती शब्द असताना ‘जोकुसो’ हा जड शब्द कांजीत वाचता आला नाही, तर त्या रुग्णाची कूस बदलू शकत नाहीत का, असा प्रश्न जपानमध्येच विचारला गेला. पुढे प्रश्नपत्रिकेत कांजीवर उच्चार छापायला सुरुवात झाली, वेळही वाढवून मिळाला.

साहित्यातही हेच घडलं. अमेरिकेत जन्मलेल्या हिदेओ लेव्हींनी जपानीत कादंबरी लिहिली आणि १९९२ मध्ये त्यांना नोमा नवलेखक पुरस्कार मिळाला. तेहरानमध्ये जन्मलेल्या शिरीन नेझाम्माफी यांना २००९ मध्ये ‘बुंगाकुकाई’ मासिकाचा नवलेखक पुरस्कार मिळाला. चीनमधून आलेल्या यांग यी यांनी २००८ मध्ये अकुतागावा पारितोषिक मिळवलं. जपानी मातृभाषा नसलेल्या लेखकाला ते प्रथमच मिळालं. त्यांच्या जपानीच्या ओबडधोबडपणावर बरीच चर्चा झाली. मला ती चर्चा ‘जोझु’पेक्षा शंभर पटींनी सन्मानाची वाटते. त्यांचं लेखन वाचलं गेलं, तपासलं गेलं, काहींना आवडलं, काहींना नाही. लेखकाला आणखी काय हवं असतं?

२०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रात वाढलेले, जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. प्रचार जपानीत केला होता. रस्त्यात त्यांना कितीजणांनी ‘जोझु’ म्हटलं असेल ते असो, पुरेशा लोकांनी ते काय म्हणतात हे ऐकलं आणि मत दिलं.

२०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहत होते, लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्के. आता जपानी ही फक्त जपानी दिसणाऱ्यांची भाषा राहिलेली नाही. तसंच मराठीचं. मराठी बोलणाऱ्यांत सय्यद आहेत, फर्नांडिस आहेत, यादव आहेत, आणि मराठी टिकावी असं वाटत असेल तर ते असणारच आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. समोरचा तुमच्या भाषेत काही विचारतोय, तर त्याच भाषेत उत्तर द्या. त्याला कळलं नाही तर सोपं करून सांगा, गरज पडली तर हळू बोला, पण भाषा बदलू नका. चूक दुरुस्त करायची असेल तर त्याने विचारलेलं सांगून झाल्यावर करा. राहवलं नाही तर कौतुकही करा, पण ‘असून’ वगळून. आणि ज्याची ती मातृभाषाच आहे, त्याचं कौतुक करण्याचं काही कारण नाही. त्याच्याशी भांडा, चेष्टा करा, वर्गणी मागा, जे शेजाऱ्याशी करता ते सगळं करा.